डोरिक, आयोनिक की कोरिंथियन: खांब निवडताना आधी मान मोजा

ग्रीक-रोमन वळणाचा खांब निवडताना बहुतेकांची नजर थेट वर जाते. गुंडाळी असली की आयोनिक, पानं असली की कोरिंथियन, दोन्ही नसलं की डोरिक. ओळखण्यापुरतं एवढं पुरतं. पण बंगल्याच्या पोर्चसाठी, सभागृहाच्या दर्शनी बाजूसाठी किंवा नुसत्या ड्रॉइंग शीटसाठी यातलं एक ठरवायचं असेल, तर शीर्ष सगळ्यात शेवटी बघावं. त्याआधी तीन गोष्टी निकाल लावतात: उंचीच्या मानाने खांब किती जाड, इमारतीच्या कोपऱ्यावर त्याचं काय होतं, आणि दोन खांबांमधलं अंतर आपल्या मर्जीने ठेवता येतं की नाही.

आधी भागांची नावं. खाली तळखडा, मधे दांडा, वर शीर्ष. दांडा वर निमुळता होत जातो. शीर्षाच्या लगेच खालची त्याची सगळ्यात बारीक जागा म्हणजे मान. शीर्षावर जे आडवं बसतं त्याला एंटाब्लेचर म्हणतात. त्याचे तीन थर: तुळईसारखा आर्किट्रेव्ह, त्यावर फ्रीझची पट्टी आणि सगळ्यात वर पुढे आलेली कंगणी, म्हणजे कॉर्निस. खांब आणि एंटाब्लेचर मिळून एक ‘ऑर्डर’ होते. नुसता खांब उचलून स्लॅबखाली उभा केला की ती अर्धीच ऑर्डर होते, आणि आपल्याकडे सर्रास दिसतं ते हेच.

जाडीचा हिशेब

सगळी मापं खांबाच्या तळाच्या व्यासात सांगतात. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचे (इ.स.पू. ४४७ ते ४३२) बाहेरचे खांब सुमारे १०.४ मीटर उंच आणि तळाशी १.९ मीटर जाड आहेत, म्हणजे उंची व्यासाच्या साडेपाचपट. त्याआधीचे डोरिक खांब याहूनही बुटके. रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियस सांगतो, की डोरिक सुरुवातीला सहापट होता, पुढच्यांनी तो सातपट केला. आयोनिक आठाचा नऊपट झाला. आज हाताशी धरायला सोपा नियम मात्र इटालियन वास्तुकार विन्योलाचा, १५६२ चा: टस्कन (सगळ्यात साधा प्रकार) ७, डोरिक ८, आयोनिक ९, कोरिंथियन आणि कॉम्पोझिट (कोरिंथियन-आयोनिकचं मिश्रण) १०. तळखडा आणि शीर्ष यात धरलेली आहेत. एंटाब्लेचर खांबाच्या उंचीच्या एक चतुर्थांश. हे आकडे रोमन अवशेषांवरून काढलेले, पण कुठल्याच एका अवशेषाला तंतोतंत लागू न पडणारे आहेत. चालत आलेली सोय म्हणून ते वापरायचे, कायदा म्हणून नाही.

समजा जोत्यापासून कंगणीच्या माथ्यापर्यंत १५ फूट उंची मिळते आहे. तिचे पाच भाग करायचे. चार भाग, म्हणजे १२ फूट, खांब. एक भाग, म्हणजे ३ फूट, एंटाब्लेचर. त्या १२ फुटांत प्रत्येक प्रकाराची जाडी अशी येते (पहिला आकडा तळाचा व्यास, दुसरा मानेचा):

- ग्रीक डोरिक, साडेपाचपट: २६ इंच, सुमारे २०
- टस्कन: साडेवीस इंच, १७
- रोमन डोरिक: १८ इंच, १५
- आयोनिक: १६ इंच, सव्वातेरा
- कोरिंथियन आणि कॉम्पोझिट: साडेचौदा इंचांना किंचित कमी, १२

मान काढायला विट्रुव्हियसचा नियम: १५ फुटांपर्यंतच्या खांबाला तळाच्या व्यासाचे सहा भाग करा, मानेला पाच ठेवा. खांब जसा उंच तसा निमुळतेपणा कमी करायचा. ४० ते ५० फुटांच्या खांबाला तो आठाला सात सांगतो. उंचीमुळे माथा आधीच लहान दिसतो, त्यात पुन्हा कापलं तर खांब टोकदार वाटतो. ग्रीक डोरिकला हा नियम लागत नाही, तो बराच जास्त निमुळता असतो. म्हणून वर त्याची मान पार्थेनॉनच्या प्रमाणात धरली आहे.

आता खरी अडचण. आज हे खांब दगडाचे नसतात. आत आरसीसी असतं आणि भोवती जीआरसी (काचतंतू घातलेलं काँक्रीट) किंवा एफआरपीची (तंतू घातलेलं प्लास्टिक) दोन अर्धी कवचं बसवतात. आतला खांब ९ बाय १२ इंचांचा असेल तर त्याचा कर्णच १५ इंच भरतो. त्यावर दोन्ही बाजूंनी कवचाची जाडी आणि जुळवायला थोडी फट धरली, की मान साडेसतरा इंचांच्या खाली येऊ शकत नाही. वरच्या यादीत बघा: १२ फुटांच्या खांबात टस्कनसुद्धा इथे काठावर अडखळतो, ग्रीक डोरिक तेवढा आरामात बसतो. साडेसतराच्या मानेवर कोरिंथियन हवाच असेल तर तळ २१ इंच, खांब साडेसतरा फूट, एंटाब्लेचर धरून एकूण उंची जवळजवळ २२ फूट. म्हणजे दोन मजली पोर्च. एकमजली पोर्चवर कोरिंथियन ‘जाडा’ दिसतो त्यात कारागिराचा दोष नसतो. आरसीसीचं ड्रॉइंग आधी झालं आणि ऑर्डर नंतर ठरली, एवढंच. अभियंत्याला सुरुवातीलाच १२ इंची गोल खांब द्यायला सांगितलं, तर दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच धरून मान १५ येते आणि १२ फुटांचा रोमन डोरिक बरोबर बसतो.

डोरिक: दिसायला सोपा, करायला हट्टी

ग्रीक डोरिकला तळखडा नसतो. दांडा थेट जोत्यावर. उभ्या २० पन्हळी आणि दोन पन्हळींमध्ये धारदार कड. शीर्ष म्हणजे उशीसारखा फुगीर एकायनस आणि त्यावर चौकोनी पाट, अबॅकस. इटलीतल्या पेस्टम इथल्या हेराच्या जुन्या मंदिरात (सुमारे इ.स.पू. ५५०) हा एकायनस पसरट आणि दांडा मध्यावर उघड फुगलेला दिसतो, शंभरएक वर्षांनी पार्थेनॉनमध्ये तोच फुगवटा इतका सूक्ष्म झाला, की मोजल्याशिवाय कळत नाही. रोमनांनी डोरिकला बहुधा तळखडा दिला आणि खांब सडपातळ केला, तरी रोममधल्या मार्सेलसच्या नाट्यगृहात तळमजल्याचा डोरिक तळखड्याविनाच आहे. तेव्हा ‘रोमन म्हणजे तळखडा’ असं पाठ करू नये.

धारदार कडांचं एक व्यवहारी दुखणं आहे: माणसांचा वावर असला की त्या खालून तुटतात. अथेन्सच्या अटॅलसच्या स्टोआमध्ये, जो मुळात बाजाराचा लांब व्हरांडा, बाहेरच्या डोरिक खांबांचा खालचा भाग पन्हळी न पाडता गुळगुळीत सोडला आहे. पोर्चमधून सामान, सायकली, मुलं जाणार असतील तर हीच युक्ती करावी.

आणि डोरिकची फ्रीझ. तिच्यात आलटून पालटून तीन उभ्या पट्ट्यांचा ट्रायग्लिफ आणि चौरस मेटोप येतात. प्रत्येक खांबाच्या मध्यावर एक ट्रायग्लिफ हवाच. विट्रुव्हियसच्या मापाने ट्रायग्लिफ अर्धा व्यास रुंद आणि मेटोप पाऊण व्यासाचा चौरस. म्हणजे सव्वा व्यासाची एक जोडी, आणि खांबांच्या मध्यांतलं अंतर या जोडीच्या पटीतच ठेवावं लागतं. १८ इंची खांबाला जोडी साडेबावीस इंचांची. मग अंतरं मिळतात ती ३ फूट ९ इंच, ५ फूट साडेसात इंच, ७ फूट ६ इंच, ९ फूट साडेचार इंच. तुम्हाला बरोबर ८ फूट हवं असेल तर मेटोप ताणून १५ इंच रुंद करावा लागतो, उंची मात्र साडेतेराच राहते. चौरसाचा आयत होतो. थोडी तडजोड डोळ्याला खपते. पार्थेनॉनच्या मेटोपांची रुंदीही सारखी नाही. पण प्लॅनमध्ये दार, गाडी आणि पायऱ्या आधीच पक्क्या झाल्या असतील तर डोरिक फ्रीझ डोकं खाते.

त्याहून जुनं भांडण कोपऱ्यावरचं. ग्रीकांना फ्रीझ ट्रायग्लिफनेच संपवायची असे. पण ट्रायग्लिफ आर्किट्रेव्हच्या जाडीपेक्षा अरुंद असल्यामुळे तो एकाच वेळी खांबाच्या मध्यावर आणि फ्रीझच्या टोकाला असू शकत नाही. ग्रीकांनी कोपऱ्याचा खांबच आत सरकवला: पार्थेनॉनमध्ये मधली अंतरं साधारण ४.३ मीटर, टोकाची ३.७. विट्रुव्हियसने उलट केलं. ट्रायग्लिफ खांबाच्या मध्यावर ठेवला आणि टोकाला उरलेला तुकडा अपुऱ्या मेटोपला दिला. आपल्या १८ इंची खांबाला हा तुकडा जेमतेम ३ इंच येतो. आज दुसरा मार्ग घ्यावा, कारण एकसारखं अंतर सोडून कोपऱ्याचा खांब आत घ्यायला स्ट्रक्चरल ग्रिड सहसा परवानगी देत नाही. पिथिओस आणि हर्मोजेनीस या ग्रीक वास्तुकारांनी याच कटकटीपायी मंदिरांसाठी डोरिक नको म्हटलं, असं विट्रुव्हियस नोंदवतो. गोल इमारतीला मात्र कोपराच नसतो: ग्रीसमधल्या डेल्फीच्या थोलोसला बाहेर २० डोरिक खांब सुखाने उभे होते.

मुंबईत ग्रीक डोरिक बघायचा तर टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची १८३३ साली पूर्ण झालेली इमारत. उंच पायऱ्या चढताना हा जाडा खांब दुरून का भारदस्त वाटतो ते तिथे कळतं. तोच खांब दहा फुटी व्हरांड्यात ठेवला तर वाट अडवेल.

आयोनिक: समोरून सुंदर, बाजूने वेगळा

आयोनिकला तळखडा असतोच. सगळ्यात रुळलेला अ‍ॅटिक तळखडा: दोन फुगीर वळी आणि त्यांच्यामध्ये एक खोलगट वळण, एकूण उंची अर्धा व्यास. पन्हळी २४, आणि त्यांच्यात धारेऐवजी सपाट पट्टी, त्यामुळे कडा कमी तुटतात. आर्किट्रेव्ह तीन पायऱ्यांचा, प्रत्येक वरची पायरी किंचित पुढे. फ्रीझ सलग, कोरा किंवा नक्षीचा, आपली मर्जी. खांबांच्या अंतरावर ट्रायग्लिफचा जाच नाही, म्हणून ठरलेल्या प्लॅनवर चढवायला आयोनिक फार सोयीचा.

अथेन्सच्या इरेक्थिऑनमध्ये (इ.स.पू. ४२१ ते ४०६) खांब नऊपटीच्या वर जातात, तर जवळच्याच अथेना नाइकीच्या चिमुकल्या मंदिरात, जिथे खांब जेमतेम चार मीटरचे, तिथे आठपटीच्याही आत. छोट्या इमारतीला थोडा जाड खांब, हा धडा इथे फुकट मिळतो.

गोम शीर्षात आहे. गुंडाळ्या पुढे आणि मागे. बाजूने बघितलं तर लोळीसारखी उशी दिसते. सरळ ओळीतल्या खांबांना हे चालतं. कोपऱ्याच्या खांबाला दोन दर्शनी बाजू असतात, आणि त्यातली एक उशी दाखवते. ग्रीकांनी कोपऱ्याची गुंडाळी ४५ अंशांत बाहेर काढली, म्हणजे दोन्ही बाजूंनी गुंडाळ्या दिसतात. रोमनांनी चारही कोपऱ्यांना तिरप्या गुंडाळ्यांचं शीर्षही वापरलं. इटालियन वास्तुकार स्कामोत्झीने १६१५ मध्ये तेच प्रमाण म्हणून मांडलं, आणि आजचे तयार साचे बरेचसे त्याचेच असतात. दोन्ही प्रकारची शीर्षं एकाच पोर्चमध्ये मिसळू नयेत. तयार माल मागवताना कोपऱ्याची शीर्षं वेगळी मोजून सांगा, नाहीतर सगळी एकाच साच्यातून येतात आणि रस्त्याच्या बाजूला लोळी तोंड करून बसते. हे टाळायचं असेल तर चारतोंडी शीर्षच घ्यावं.

कोरिंथियन: कोपऱ्याची चिंता नाही, साच्याची आहे

चारही बाजूंनी सारखं दिसणारं शीर्ष हा कोरिंथियनचा खरा फायदा. पानांचा थाट त्यानंतर. टोपलीसारख्या घंटेभोवती अकँथस या झुडपाच्या पानांच्या दोन रांगा, प्रत्येकीत आठ. त्यांतून वर आलेले देठ, कोपऱ्यांवर छोट्या गुंडाळ्या, आणि चारही बाजूंनी आत वळलेला अबॅकस. ग्रीसमधल्या बासीच्या अपोलो मंदिरात याचा सगळ्यात जुना माहीत असलेला नमुना आत होता, अथेन्सच्या लायसिक्रेटीसच्या स्मारकात (इ.स.पू. ३३४) तो बाहेर आला, रोमनांनी तो जवळजवळ आपलाच केला. विट्रुव्हियसच्या मते डोरिक मिनर्व्हा, मार्स आणि हर्क्युलीसला शोभतो, कोरिंथियन व्हीनस आणि फ्लोराला. थोड्याच वर्षांत ऑगस्टसने मार्स अल्टोरचं मंदिर कोरिंथियनमध्ये बांधलं. देवतेनुसार खांब निवडण्याचा सल्ला तेव्हाही फारसा कुणी मनावर घेतला नव्हता.

विट्रुव्हियस शीर्षाची उंची एक व्यास सांगतो, विन्योला त्यात सहावा भाग वाढवतो. विन्योलाचं घ्यावं, एका व्यासाचं शीर्ष दबलेलं दिसतं. १२ फुटी खांबाला ते जवळपास १७ इंच होतं. बाजारात साच्याची मापं ठरलेली असतात आणि बारीक खांबावर मोठं शीर्ष चढवण्याचा मोह होतो. खूण सोपी: पानांच्या मुळाचा घेर मानेच्या घेराएवढाच हवा. शीर्ष मानेवर टोपीसारखं लोंबत असेल तर साचा चुकला.

पानांची खोली दुसरी गोष्ट. दगडात पानाचं टोक पुढे झुकतं आणि खाली सावली धरते. एका साच्यातून ओढून काढायच्या मालात टोकं अडकतात, म्हणून उत्पादक ती चपटी करतात. त्यावर तीन-चार वेळा ऑइल पेंट बसला की शिरा बुजतात. पानं सुटी ओतून घंटेवर जोडलेली असतील तर घ्या. नसतील तर आयोनिकवर समाधान मानलेलं बरं. दांड्याला पन्हळी नसल्या तरी बिघडत नाही. रोमच्या पँथिऑनच्या पोर्चमधले १६ खांब इजिप्तच्या ग्रॅनाइटचे, एकसंध आणि गुळगुळीत आहेत; असा कठीण, रंगीत दगड रोमन बहुधा पन्हळी न पाडता नुसता घोटून ठेवत.

जुन्या गोव्यात साहित्य आणि ऑर्डर यांचं नातं चांगलं दिसतं. जांभा दगड सच्छिद्र. त्यात बारीक पान टिकत नाही. बॉम जीझस चर्चच्या बांधकामात भिंती जांभ्याच्या, पण दर्शनी भागातले कोरीव खांब आणि पट्ट्या वसईहून आणलेल्या काळ्या दगडाच्या. से कॅथेड्रल बाहेरून टस्कन, आतून कोरिंथियन. पावसात साधं आणि छपराखाली नाजूक, ही वाटणी कोकणात बांधणाऱ्याने जशीच्या तशी उचलावी.

टस्कन आणि कॉम्पोझिट

टस्कनबद्दल थोडक्यात: पन्हळी नाहीत, तळखड्याला एकच वळी, फ्रीझ कोरी, सातपट. मूळ एट्रुस्कन मंदिरांत वरची तुळई लाकडी असायची, म्हणून खांब दूर ठेवता येत. कमी खर्च, कमी चुका. पहिल्यांदाच करत असाल आणि उंची १२ फुटांच्या आत असेल, तर हाच करा.

कॉम्पोझिट म्हणजे कोरिंथियनच्या पानांवर आयोनिकच्या मोठ्या गुंडाळ्या. रोममधली टायटसची कमान हे त्याचं ठळक जुनं उदाहरण. गुंडाळ्या मोठ्या असल्यामुळे दुरून वाचता येतं, एवढाच त्याचा व्यवहारी फायदा. घराला क्वचितच लागतो.

अंतर, आणि वारंवार होणाऱ्या चुका

खांबांमधली मोकळी जागा विट्रुव्हियस व्यासात मोजतो: दीडपट दाट, दोनपट जरा मोकळी, सव्वादोनपट त्याची आवडती (आणि मधलं, दारासमोरचं अंतर तीनपट). सगळीच अंतरं तीनपट केली तर दगडी तुळई तडकते, त्यापुढे लाकूडच हवं, असं तो बजावतो; दगड दाब सोसतो, वाकणं सोसत नाही. आरसीसीला ही अडचण नाही, म्हणूनच आज खांब दहा-दहा फुटांवर जातात आणि बारीक कोरिंथियन काड्यांसारखे दिसतात. अंतर मोठं ठेवावंच लागणार असेल तर जाड ऑर्डर घ्या किंवा खांब जोडीने उभे करा.

बीमची जागा हमखास चुकते. आर्किट्रेव्हचा पुढचा चेहरा मानेच्या ओळीत हवा. शीर्ष आणि अबॅकस त्याच्या पुढे डोकावतात. बीम अबॅकसच्या कडेपर्यंत आणला की शीर्ष दबतं, भिंतीच्या ओळीत मागे ढकलला की खांब काहीच न उचलता उभा असल्यासारखा वाटतो. प्लॅनवर मानेचं वर्तुळ काढून मगच बीमची रुंदी ठरवावी.

दांडा पाइपसारखा सरळ नको, आणि तळापासून सुळक्यासारखा निमुळताही नको. खालचा तिसरा हिस्सा सरळ ठेवून वरच्या दोन हिश्शांत वक्राने मानेपर्यंत आणतात. पन्हळींची संख्या चारने भागली जावी, म्हणजे चारही बाजूंना मध्यावर एकसारखंच काही येतं. २० आणि २४ दोन्ही यात बसतात, १८ बसत नाही.

दोन मजल्यांवर वेगवेगळ्या ऑर्डर हव्या असतील तर कोलोसियमचा क्रम धरा: तळाला टस्कन वळणाचा डोरिक, वर आयोनिक, त्यावर कोरिंथियन. वरच्या खांबाचा तळ खालच्याच्या मानेएवढा ठेवला की मध्यरेषा जुळते आणि वरचा बोजा वाटत नाही. कंगणी मात्र कुठल्याही ऑर्डरची असो, तिच्या पोटात पुढच्या कडेजवळ पाणी तुटायला खाच हवी. ग्रीकांनी संगमरवरातही ती सोडली नव्हती, आणि ती विसरली तर पहिल्याच पावसाळ्यात फ्रीझवर काळे ओघळ उतरतात.